काळी तीनचा सा

अक्काच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी एक छोटा गोल स्पीकर येऊन बसला. आणला तिच्या मुलानंच. दर शनिवारी तो पुण्याहून मिरजेला यायचा, रविवारी रात्री परत जायचा, आणि मधले पाच दिवस आईसाठी काहीतरी करत राहण्याची त्याची धडपड फोनवरून चालू असायची. "मामा, ह्यावर पाचशे अठ्ठावीस हर्ट्झ लावून ठेवायचं. रात्रभर. पेशी दुरुस्त होतात म्हणतात." मी हसलो. हसायला नको होतं.

अक्का पन्नास वर्षं गाणं शिकवत होती. बैठकी तिनं फारशा केल्या नाहीत, पण मिरज-सांगलीतल्या कितीतरी मुलींचे गळे तिच्या हाताखालून गेले. तरुणपणी ती काळी चारला गायची, साठीनंतर काळी तीनला उतरली. अंथरुणाला खिळल्यावरही इलेक्ट्रॉनिक तंबोरा काळी तीनला मंद चालूच असायचा. त्या रात्री त्याच्या जोडीला तो स्पीकर चालला. सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ती कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "हा म कुणाचा लावून ठेवलायस रे? चढलाय. बंद कर."

मी बंद केला. पुढे तीन आठवड्यांनी अक्का गेली. दिवसकार्य आटोपल्यावर भाच्यानं मला गच्चीवर गाठून विचारलं, "मग काय लावायला हवं होतं?" त्यात राग होता, आणि रागापेक्षा दुसरंही काही होतं. मी इतिहासाचा माणूस, गळा मला नाही. पण प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. पुढचं वर्षभर मी जे वाचलं, मोजलं आणि पडताळलं, ते इथं मांडतो आहे.

आधी अक्काचा कान. काळी तीनचा सा आजच्या प्रमाणात सेकंदाला १८५ कंपनांचा, तार सा ३७० चा. त्या सप्तकातला तीव्र मध्यम ५२० ते ५२३ च्या आसपास पडतो. पाचशे अठ्ठावीस त्याहून स्पष्ट चढा. म्हणजे रात्रभर तिच्या षड्जाच्या डोक्यावर एक बेसूर तीव्र मध्यम वाजत होता. स्पीकरचा आकडा ज्यानं ठरवला त्याला ऐकणारीचा सा कोणता, हे विचारायचं सुचलंच नव्हतं. माझ्या पुढच्या सगळ्या शोधाचं सूत्र त्या एका वाक्यात होतं, हे मला बरंच उशिरा कळलं.

* * *

हल्ली अनेक वादक-गायक आपलं संगीत 'उपचारक' कंपनसंख्येत बांधलं आहे असं सांगतात. त्यातले दोन आकडे फार चालतात, ४३२ आणि ५२८. दोन्ही प्राचीन म्हणून सांगितले जातात. त्यांपैकी ५२८ चा जन्म ताजा आहे. जोसेफ प्युलिओ या अमेरिकन गृहस्थानं ते शोधलं आणि लिओनार्ड हॉरोविट्झ या दंतवैद्यकातून आलेल्या लेखकाबरोबर १९९९ साली एका पुस्तकात मांडलं. रीत अशी : बायबलच्या जुन्या करारातला 'गणना' हा ग्रंथ घ्यायचा, त्याच्या सातव्या अध्यायातल्या १२ ते ८३ या वचनांचे क्रमांक घ्यायचे, प्रत्येक क्रमांकातले अंक मिळवून एकअंकी करायचे. त्या मालिकेतून सहा आकडे निघाले : ३९६, ४१७, ५२८, ६३९, ७४१, ८५२. हेच मध्ययुगीन 'सोल्फेजिओ' स्वर, चर्चनं दडवून ठेवलेले, असा दावा.

मी तो अध्याय वाचला. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस वेदीसाठी भेटी आणतात, आणि प्रत्येकाची भेट अगदी तीच : १३० शेकेल वजनाचं चांदीचं ताट, वाडगा, धूप, बैल, मेंढा. यादी बारा वेळा जशीच्या तशी येते. संगीताचा तिथं उल्लेखही नाही. वचनांचे क्रमांक मूळ हिब्रू लेखकानं घातलेले नव्हेत. ख्रिस्ती बायबलांत ते छापखान्याच्या काळात, सोळाव्या शतकात रुळले. आणि ज्या गीदो दारेत्सोच्या नावावर ही सहा अक्षरं (उत, रे, मी, फा, सोल, ला) आहेत, तो अकराव्या शतकातला इटालियन मठवासी. संत योहानाच्या एका स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक पायरी वर सुरू होते, हे पाहून त्यानं पोरांना स्वर ओळखायला शिकवण्यासाठी ती अक्षरं उचलली. अक्कानं शिष्यांना सरगम घोकायला लावली, तसंच. कंपनं मोजण्याचं साधन त्याच्यापाशी नव्हतं, आणि त्याला त्याची गरजही नव्हती.

इथवर इतिहास झाला. पण अक्काच्या घरात वाढलेल्या माणसाला आकडे वाजवून बघितल्याशिवाय चैन पडेना. ३९६ ला सा धरला. मग ४१७ येतो कोमल रिषभावर. ५२८ येतो नेमका शुद्ध मध्यमावर, तीनास चार या प्रमाणात, अगदी स्वच्छ. ६३९ हा किंचित चढा कोमल धैवत, ७४१ शुद्ध निषाद, आणि ८५२ तार सप्तकातला चढा कोमल रिषभ. तार षड्ज नाही, गंधार नाही, पंचम नाही. भैरवाचे हातपाय तोडून उरलेलं धड. गीदोची सहा अक्षरं मात्र आपल्या सा रे ग म प ध या शुद्ध स्वरांच्या चालीनं जातात. म्हणजे हे आकडे त्याचे असूच शकत नाहीत. हे कळायला पदवी लागत नाही, पेटी लागते. (हा भैरवाचा सांगाडा मी भाच्याला वाजवून दाखवला. तो पहिल्यांदाच हसला.)

* * *

४३२ ची गोष्ट इतकी स्वस्त नाही. तिच्यामागे खरी माणसं आहेत आणि त्यांची खरी तक्रार आहे.

युरोपात स्वराची उंची गावोगाव वेगळी असे. १७११ च्या सुमारास जॉन शोर या लंडनच्या दरबारी वादकानं स्वरकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, बनवला. हँडेलचा म्हणून जो काटा जपून ठेवला आहे तो ४२२ च्या आसपास वाजतो. ही संख्या 'ला' या स्वराची, कारण पाश्चात्त्य वाद्यवृंद त्याच स्वरावर जुळवतात. एकोणिसाव्या शतकात नाट्यगृहं मोठी झाली, वाद्यं धातूची आणि तेजस्वी आवाजाची झाली, आणि वाद्यवृंद एकमेकांवर कडी करण्यासाठी सूर चढवत गेले. १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात 'ला' ४४८ वर पोचला होता. वादकाचं काय जातं? तो तार ताणतो. गायकाला मात्र गळाच ताणावा लागतो. जुन्या रचना त्यांच्या कर्त्यांनी कल्पिल्या नव्हत्या इतक्या उंचीवर गाव्या लागू लागल्या.

फ्रेंच सरकारनं समिती नेमली. तीत रोसिनी, बेर्लिओझ, मायरबेअर असे रचनाकार होते आणि लिसाजू यांच्यासारखे पदार्थवैज्ञानिकही. फेब्रुवारी १८५९ मध्ये प्रमाण ठरलं, पंधरा अंश सेल्सिअस तापमानाला ८७० कंपनं. वाचकांनी इथं थांबावं. आठशे सत्तर? फ्रेंच लोक तेव्हा कंपन मोजताना जाणं एक आणि येणं एक असं धरत. आपण जाऊन-येऊन मिळून एक धरतो, म्हणून आज तोच स्वर ४३५ चा. स्वर एकच, आकडे दोन. ज्यांना अंकांच्या बेरजेत गूढ दिसतं त्यांनी ठरवावं की आठ-सात-शून्य मिळवायचे की चार-तीन-पाच. आणि हर्ट्झ हे नाव तर या एककाला १९३० मध्ये मिळालं. हाइनरिख हर्ट्झ स्वतः १८९४ मध्येच वारला होता.

इटलीत ज्युसेप्पे व्हर्दीनं १८८४ मध्ये ४३२ ला पाठिंबा दिला आणि त्या वर्षी इटालियन सरकारनं लष्करी बँडसाठी तो आकडा मान्य केला. व्हर्दीला फ्रेंच प्रमाणही चालत होतंच. ४३२ सोयीचा का, तर त्याआधी पावणेदोनशे वर्षांपूर्वी जोझेफ सोव्हर या फ्रेंच वैज्ञानिकानं 'डो' हा स्वर २५६ धरावा असं सुचवलं होतं. २५६ म्हणजे एकाची आठव्यांदा दुप्पट. दर सप्तकाला निम्मं करत गेलं की एकपर्यंत पूर्णांकच येतात. हिशेबाला देखणा. पण १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेत फ्रेंचांचा ४३५ जिंकला. या कराराला किती वजन होतं पाहा : पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात जर्मनीवर जे आंतरराष्ट्रीय करार पुन्हा लागू केले त्यांच्या यादीत, समुद्राखालच्या तारा, अश्लील प्रकाशनं यांच्या शेजारी, १८८५ चा स्वरमानाचा करारही आहे.

मग ४४० कुठून आला? सांगितलं जातं की नाझी प्रचारमंत्री गोबेल्सनं लोकांची मनं अस्वस्थ करण्यासाठी १९३९ मध्ये तो जगावर लादला. ४४० ची शिफारस प्रथम केली रेशमाचा एक जर्मन कारखानदार योहान शाइब्लर यानं. पन्नासाहून जास्त स्वरकाट्यांची मालिका करून त्यानं मोजमाप केलं, आणि १८३४ मध्ये श्टुटगार्टच्या वैज्ञानिक संमेलनानं त्याचा आकडा उचलून धरला. अमेरिकेत १९३६ मध्ये ४४० प्रमाण झाला. १९३९ च्या मे महिन्यात लंडनला परिषद भरली तेव्हा इंग्लंडमध्ये ४३९ चालू होता. पण बीबीसीला नभोवाणीवरून प्रमाणस्वर सोडायचा होता आणि तो दहा लाख कंपनांच्या स्फटिकावरून काढायचा होता. हजारानं भागा, अकरानं गुणा, पंचविसानं भागा, चारशे चाळीस मिळतात. चारशे एकोणचाळीस ही मूळसंख्या, अशा भागाकार-गुणाकारानं ती निघेना. जगाचं स्वरमान ठरताना कटापेक्षा असल्या कारकुनी अडचणींचाच हात मोठा होता. इतिहासात हे नेहमीचंच.

गोबेल्सची कथा पसरवली ती शिलर इन्स्टिट्यूट या संस्थेनं. अमेरिकन राजकारणाच्या कडेला वावरणारे लिंडन लारूश यांच्या वर्तुळातली ही संस्था. तिनं १९८८ मध्ये मिलानला परिषद घेऊन 'व्हर्दीचा स्वर' परत आणण्याची मोहीम काढली. संस्थेचं राजकारण काहीही असो, मोहिमेला पाठिंबा कुणी दिला ते पाहण्यासारखं आहे. रेनाता तेबाल्दी, पिएरो काप्पुचिल्ली, असे नावाजलेले ऑपेरा गायक. त्यांना ब्रह्मांडाच्या नादाशी घेणं नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं : सूर चढत चालला आहे आणि त्यानं गळे लवकर फाटतात. चारशे बत्तीसच्या मुळाशी गायकाचा दुखरा गळा आहे. पुढच्या तीस वर्षांत गळा गळून पडला आणि आकडा उरला.

* * *

आता आपल्याकडे. 'प्राचीन भारतीय संगीत ४३२ ला जुळवलेलं होतं' हे वाक्य मी मराठीतही ऐकलं आहे, आणि त्याला पुरावा म्हणून कलियुगाची ४,३२,००० वर्षं पुढे केली जातात. पण सेकंदाला ४३२ कंपनं म्हणायला आधी सेकंद लागतो. आपलं जुनं मोजमाप घटी, पळं, विपळं. एक विपळ म्हणजे ०.४ सेकंद. म्हणजे आपल्या पूर्वजांनी तोच स्वर मोजलाच असता तर आकडा येता विपळाला १७२.८. हे लिहिलं आणि माझा हात थबकला, कारण कृतयुगाची वर्षं आहेत १७,२८,०००. साठाच्या नि बाराच्या पाढ्यात वाढलेल्या कालगणनेत असे योगायोग पावलोपावली भेटतात. हा योगायोग मी आपणहून जाहीर करतो, उद्या कुणी स्पीकरवर लावला तर आश्चर्य नको.

देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव होता. मूळ घराणं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आले. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त स्वराआधी शरीर येतं. पिंडोत्पत्ती नावाच्या प्रकरणात गर्भ कसा वाढतो, नाड्या कशा, चक्रं कुठं, हे तो आयुर्वेदाच्या शिस्तीनं सांगतो. कोणत्या चक्राच्या कोणत्या पाकळीवर जीव असला की गीत साधतं आणि कोणत्या पाकळीवर बिघडतं, हेही. मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात, आणि प्रत्येक ठिकाणी बावीस नाड्या, म्हणून बावीस श्रुती. स्वरांना तो रंग देतो, देवता देतो, द्वीपंही देतो. पण आजच्या तक्त्यांसारखे सात स्वर सात चक्रांना वाटून दिलेले तिथं नाहीत. ते काम स्टीव्हन हॅल्पर्नसारख्या अमेरिकन वादकांचं. १९७५ च्या 'स्पेक्ट्रम सूट'मध्ये त्यानं 'डो'पासून 'सी'पर्यंतच्या सात पट्ट्या सात चक्रांशी जोडल्या. आणि कंपनसंख्या? शार्ङ्गदेव श्रुती दाखवायला बावीस तारांची वीणा घेतो. पहिली तार शक्य तितकी खाली लावा, दुसरी तिच्यापेक्षा जराशी वर, इतकी जराशी की मध्ये तिसरा ध्वनी मावू नये. बस. पहिली तार किती खाली, हे वीणा ठरवते, ऐकणारा ठरवतो.

आपल्याकडे आकडा आला तो सांगलीच्या माणसामुळे, आणि तो आकडा लावणारा माणूस भाबडा नव्हता. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. श्रुतींची जागा तारेच्या लांबीवरून नक्की करायचा ध्यास त्यांनी घेतला. गायचं कुणी, तर अब्दुल करीम खाँसाहेबांनी. खाँसाहेबांनी लावलेला गंधार तारेवर पकडायचा, लांबी मोजायची, प्रमाण काढायचं. १९१० मध्ये देवलांचं इंग्रजी पुस्तक आलं. सनदी नोकरीतले अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, आणि श्रुती वाजवणारी खास पेटी तयार झाली. १९१६ मध्ये बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली तेव्हा वाद झाला, आणि भातखंड्यांना ती पटली नाही. पण या भांडणात एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. प्रमाण महत्त्वाचं, आकडा नव्हे. गाण्याच्या परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला पाठ असतं : सा २४०, मध्यम ३२०, पंचम ३६०. हे २४० का? भागायला सोपं म्हणून. अक्का फळ्यावर २४० लिहायची आणि पेटीवर प्रत्येक मुलीचा सा वेगळा धरायची. त्यात विसंगती आहे असं कुठल्याच मुलीला कधी वाटलं नाही.

गाण्यानं आजाऱ्याला बरं वाटतं की नाही, हा वाद मी घालत नाही. वेदना आणि धास्ती कमी होते हे रुग्णालयांनीही पाहिलं आहे. खुद्द ४३२ विषयी २०१९ मध्ये इटलीतल्या दोन संशोधकांनी ३३ जणांना तेच संगीत ४४० ला आणि ४३२ ला ऐकवलं, तेव्हा खालच्या सुराला नाडी थोडी संथ आढळली. तेहतीस माणसं थोडी आहेत, आणि सूर उतरला की जीव सैलावतो हे अक्कानंही सांगितलं असतं. पण ४३१ ऐकवलं असतं तर काय झालं असतं, हे त्या प्रयोगात विचारलेलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात अक्काला काळी तीनही झेपेना. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. एका दुपारी तिनं इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याकडे बोट करून हात खाली केला. मी बटण एक घर उतरवलं, पांढरी चार. तिनं डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी धरलं. मला ऐकू आलं नाही.

हे सगळं भाच्याला सांगून झालं तेव्हा दिवाळी सरली होती. त्यानं वाद घातला नाही. एवढंच म्हणाला की आईचा खरा तंबोरा खोलीत गवसणी घालून पडून आहे, तो पुण्याला नेतो. आम्ही तो घेऊन मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत गेलो. कारागिरानं गवसणी काढली, भोपळ्यावर बोटानं टिचकी मारली, जवारीवरचे जुने दोरे ओढून पाहिले. मग मान वर न करता विचारलं, "कुणाच्या गळ्यासाठी?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. त्याला त्याची पट्टी ठाऊक नव्हती. कारागीर म्हणाला, "आ करा." दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, बाहेर मोटारसायकली जात होत्या. भाच्यानं लाजत आ केला. कारागिरानं शेजारच्या पेटीवर एक पट्टी दाबली, सोडली, तिच्या खालची दाबली. "पांढरी दोनच्याही जरा खालीच आहात," तो म्हणाला. "बाईंच्या तारा तुम्हाला नाही चालायच्या. सगळ्या बदलाव्या लागतील. आठ दिवसांनी या."